ग्रासलेलं ऊन

डाव्या कुशीवर वळून मी पोटावर तळहात ठेवला आणि श्वास धरून वाट बघत राहिले. काहीच नाही. आदल्या दिवशी जेवताना एक ढुशी जाणवली होती, पण ती तरी खरी होती का, असं आता वाटायला लागलं होतं. वेध लागलेले असताना चोरून गूळपाणी प्यायले होते, खोलीतल्या खोलीत येरझाऱ्या घातल्या होत्या, परत येऊन पडले होते. रोज माझ्या आधी जागं होऊन मला उठवणारं बाळ त्या सकाळी गप्प होतं.

खोलीत अंधार होता. आत्यांनी पहाटेच खिडकीला घोंगडं अडकवलं होतं. आमच्या भागात सासूला आत्या म्हणतात. मार्गशीर्षातली अमावास्या होती आणि सूर्यग्रहण होतं. पाण्याच्या घागरीत, दुधाच्या पातेल्यात, लोणच्याच्या बरणीवर, सगळीकडे तुळशीची पानं. विळी, कात्री, सुई आदल्या दिवशीच उचलून ठेवलेली. मी आठवा महिना ओलांडलेली, म्हणून मला काडीसुद्धा मोडायची नव्हती. ग्रहण सुटेपर्यंत हलायचं नाही, खाजवायचं नाही, उन्हाची तिरीपही अंगावर घ्यायची नाही.

मी सगळ्याला हो म्हणाले होते. पटलं होतं असं नाही. पण पुढं काही झालं तर 'हिनं ऐकलं नाही' असं कुणी म्हणायला नको होतं, आणि कुणी म्हटलं नसतं तरी मीच मला म्हणाले असते. मी मुळातच घाबरट. पोटात जीव राहिल्यापासून तर दिवसभर अंगभर कान लावून बसल्यासारखी असायचे. मिरजेच्या डॉक्टर मॅडमनी दर तपासणीला सांगितलेल्या शंभर गोष्टींपैकी मला एकच पाठ होती. हालचाल कमी वाटली, तर उद्या बघू म्हणायचं नाही. निघायचं.

निघायचं कशानं, हा प्रश्न होता.

दोन दिवसांपूर्वी गावचा डीपी, म्हणजे विजेचा ट्रान्सफॉर्मर, जळाला होता आणि सगळं गाव अंधारात होतं. आमच्या घरात दिवे लागत होते, कारण माझ्या नवऱ्यानं, दिग्विजयनं, छतावर सोलर पॅनेल बसवली होती. सोप्यातल्या भिंतीवर इन्व्हर्टर आणि त्याच्या खाली बॅटऱ्या. तेवढ्यावर त्याचं समाधान झालं नाही म्हणून पुण्याहून कुणाची तरी वापरलेली छोटी इलेक्ट्रिक गाडीही आणली होती. गावात तिला 'वाळत घातलेली गाडी' म्हणायचे. हा दिवसा ती अंगणात लावून वायर जोडायचा, आणि येणारा-जाणारा विचारायचा, काय दिगू, वाळली का न्हाई अजून?

आदल्या संध्याकाळी तो तालुक्याच्या दूध संकलन केंद्रावरून परत आला तेव्हा गाडीत जेमतेम घरापर्यंत येण्यापुरतं चार्जिंग होतं. दिवसभरात डीपी बदलला असेल, रात्रीत गाडी भरून घेऊ, असा त्याचा अंदाज. डीपी बदललेला नव्हता. घरातल्या बॅटऱ्या दिव्यांनी आणि पंपानं ओढून घेतलेल्या. म्हणजे आता सगळा भरवसा सकाळच्या उन्हावर होता.

उजाडताच मी त्याला हलवून उठवलं आणि सांगितलं. आत्यांना सांगू नकोस, असंही सांगितलं. त्यांनी ऐकलं असतं तर ग्रहणात मला उंबरा ओलांडू दिला नसता, अशी मला खात्री होती. त्यानं डॉक्टर मॅडमना फोन लावला. त्या म्हणाल्या, मिरज लांब आहे, आधी जवळ जिथं बाळाचे ठोके ऐकायची सोय असेल तिथं पोचा. तशी सोय तालुक्याच्या सरकारी दवाखान्यात होती. रुग्णवाहिका दुसऱ्या पेशंटला घेऊन लांब गेलेली, परत यायला बराच वेळ लागणार होता. मग तो जीपवाल्या सर्जेरावांकडं गेला. सर्जेराव म्हणाले, ग्रहण सुटू दे, मग मिरज काय, मुंबईला सोडतो, पण वेध लागलेत, तवर चाक फिरवायचं न्हाई. वर त्यालाच झापलं, की पोटुशी बाईला ह्या वक्ताला भायेर काढतोस, आईला इचारलंस का?

तो परत आला तोवर ऊन अंगणात उतरलं होतं. त्यानं गाडीला वायर लावली आणि सोप्यात येऊन इन्व्हर्टरपुढं उभा राहिला.

मधलं दार किलकिलं होतं, त्यामुळं मला अंथरुणातूनच त्या इन्व्हर्टरचा छोटा पडदा दिसायचा. पडद्यावर डाव्या बाजूला सूर्याचं चित्र, त्याच्याखाली किती वीज येतेय तो आकडा. रोज कोवळं ऊन पडलं की तो आकडा हळूहळू चढायला लागायचा. त्या दिवशी सूर्याखाली शून्य होतं.

दिग्विजयनं बटणं दाबून बघितली. बंद करून चालू केलं. सांगलीच्या ज्या माणसानं ते बसवून दिलं होतं त्याला फोन लावला आणि त्याच्या सांगण्यावरून खालची पेटी उघडून एकेक वायर हलवून बघायला लागला. त्याची मान घामानं चमकत होती. डिसेंबरची थंडी होती, तरी.

तेवढ्यात आत्या घोंगडं सारखं करायला आत आल्या, आणि माझी नजर त्यांच्या पायांवर गेली. लुगड्याचा काठ ओला होता आणि गुडघ्यांवर पांढरट धूळ. हातांना गंज लागला होता, तो आमच्या मागच्या लोखंडी शिडीचा. डोक्याला कापसाचा पुंजका चिकटलेला. मी भिंतीकडं बघितलं. तिथं एरवी वाकळांची चळत असते. त्यांनी स्वतः जुन्या लुगड्यांच्या शिवलेल्या, एकीवर एक रचलेल्या. चळत नव्हती.

"आत्या," मी हळूच विचारलं, "वर पॅनेलवर वाकळा तुम्ही टाकल्या?"

त्या दचकल्या नाहीत. घोंगड्याचं टोक खिळ्याला अडकवत म्हणाल्या, "टाकल्या."

"का?"

"का म्हंजे? खिडकीला घोंगडं लावायचं आणि वरचं दार सताड उघडं ठिवायचं व्हय?"

त्यांनी वरच्या बंद दिव्याकडं बोट केलं.

"दिगूच सांगतो न्हवं सगळ्यास्नी, ह्यात जळतंय ते ऊनच हाय म्हणून. चांगलं ऊन असतंय तवा चांगलंच. पर आज ग्रासलेलं ऊन. ते तारंतनं आत येणार, तुझ्या उशाशी येणार, पंख्यातनं तुझ्या अंगावर पडणार. मग मी खिडकी कशाला झाकली?"

मी बी.एस्सी. झालेली. माझ्याकडं उत्तर होतं, पण मला दिग्विजयचं बोलणं आठवलं. दिग्विजय घरी येणाऱ्या प्रत्येकाला हौसेनं सांगायचा की बाबा, हे ऊनच आहे, उन्हाचाच पंखा फिरतोय. सगळे माना डोलवायचे. मीही डोलवली होती. त्याचं बोलणं जसंच्या तसं खरं मानणारं माणूस मात्र त्या घरात एकच निघालं. आणि ते माणूस पहाटेच्या अंधारात, दुखऱ्या गुडघ्यांनी, डोक्यावर वाकळा घेऊन, शिडी चढून वर गेलं होतं. माझ्यासाठी. पोटातल्या त्या जिवासाठी.

बाहेर दिग्विजय फोनवर सांगत होता की सगळं तपासलं, काही सापडत नाही. आणि मी बोलून टाकलं.

"आत्या, बाळ हलत नाहीये."

त्यांचा हात खिळ्यावरच राहिला.

"कवापास्नं?"

"कालपासून."

"आणि मला आत्ता सांगतीस."

त्यात राग नव्हता, त्यामुळंच मला जास्त लागलं. त्या खाली बसल्या आणि माझ्या पोटावर हात ठेवला. खरबरीत, गंजाचा वास येणारा हात. बराच वेळ ठेवला. मी त्यांच्या तोंडाकडं बघत होते. गावातल्या निम्म्या बाळंतिणींच्या पोटावर त्यांचा हात फिरलेला होता. त्या काहीतरी म्हणतील, हसतील, 'झोपलंय गं लबाड' म्हणतील, असं मला वाटत होतं. त्या काही म्हणाल्या नाहीत.

मग हात तिथंच ठेवून बोलायला लागल्या.

"दिगूच्या आदी मला एक पोरगी झाली हुती. तुला कुणी सांगितलं नसंल."

नव्हतं सांगितलं. दिग्विजयनंही नाही.

"गिराणात मी कडबा तोडला हुता. म्हशी वरडायला लागलेल्या. सासू न्हाई म्हणत हुती, मी म्हटलं वाईच तोडते, त्यानं काय हुतंय." त्यांनी दुसऱ्या हाताचं बोट आपल्या वरच्या ओठावर मधोमध टेकवलं. "हितं चिरलेली निघाली. दूध वडता येईना तिला."

एवढंच. पुढचं मी विचारलं नाही.

"गाडीत काय हाय का?" त्यांनी विचारलं.

"काहीच नाही. उन्हाचीच वाट बघतोय आम्ही."

त्या उठल्या. सोप्यातून जाताना दिग्विजयनं मान वर केली, पण त्याच्याशी बोलल्या नाहीत. मागच्या दाराशी त्या थांबल्याचं मला अंथरुणातून दिसलं. ग्रहण नुकतंच लागलं होतं. मागच्या घराची दारं-खिडक्या बंद, गल्लीत चिटपाखरू नाही. त्यांनी डोक्यावरचा पदर कपाळापर्यंत ओढला आणि त्या बाहेर पडल्या.

दिग्विजयला तेव्हा कळलं. तो धावत मागं गेला. आई, तू खाली उतर, मी काढतो, असं म्हणत असावा. आत्यांचा आवाज शिडीवरून आला.

"ज्यानं झाकलं त्यानंच उघडायचं असतंय. तू तुझं यंत्र बघ जा."

तो परत आला. मी अंगावरची चादर बाजूला केली, भिंतीला धरून उठले आणि दाराच्या चौकटीत येऊन उभी राहिले. दोघंही त्या पडद्याकडं बघत होतो.

अंगणात धप्प आवाज झाला. वरून पहिली वाकळ पडली होती. सूर्याखालचं शून्य गेलं आणि तिथं आकडा उमटला. परत धप्प, आकडा वाढला. परत. माझी सासू वर एकेक वाकळ ओढून खाली टाकत होती आणि प्रत्येकीसरशी भिंतीवर ऊन वाढत होतं. मी ती पॅनेल रोज बघत होते, त्यांच्याशेजारी वाळवणं घालत होते, महिन्यातून एकदा पाण्यानं धूतही होते. पण ऊन असं पावलापावलानं घरात येताना मी पहिल्यांदाच बघितलं. शेवटची वाकळ पडली तेव्हा बाहेर गाडीतून टक् असा आवाज आला आणि तिचा हिरवा दिवा लुकलुकायला लागला.

दिग्विजयनं घरातलं बाकी सगळं बंद केलं. जे येतंय ते सगळं गाडीला.

आत्या खाली आल्या आणि सोप्यात अंगणाकडं पाठ करून बसल्या. त्यांना धाप लागली होती. मी त्यांच्याजवळ टेकले. त्यांनी माझा हात हातात घेतला, आणि आम्ही तिघं त्या पडद्याकडं बघत बसलो.

थोडा वेळ आकडा चढला. मग थांबला. मग उतरायला लागला.

"ढग आला का?" मी विचारलं.

दिग्विजयनं वाकून अंगणात बघितलं. "ढग नाही."

आकडा उतरतच होता. ढग आला की तो धाडकन पडतो आणि परत उसळतो. हा तसा नव्हता. हा सावकाश, एका चालीनं खाली येत होता, कुणीतरी वात हळूहळू कमी करत न्यावी तसा. आणि मग माझ्या लक्षात आलं की मी काय बघतेय.

मला ग्रहण बघायची बंदी होती. माझ्यासाठी खिडकी झाकली होती, छत झाकलं होतं. आणि ते माझ्यासमोर, भिंतीवर, आकड्यात चाललं होतं. वर सूर्याचा जेवढा घास घेतला जात होता तेवढा आमच्या सोप्यात कमी होत होता. लाखो मैलांवर चंद्राची कड सरकत होती आणि जतजवळच्या माळावरच्या एका घरातला पडदा ती सरकल्याचं सांगत होता. माझ्या अंगावर काटा आला. भीतीचा होता, पण नुसत्या भीतीचा नव्हता.

अंगणातला उजेड बदलला. ऊन होतं, पण त्यातली ऊब कुणी काढून घेतली होती. सावल्यांच्या कडा सुरीनं कापल्यासारख्या दिसत होत्या. कोंबड्या गोठ्याच्या दाराशी येऊन घुटमळायला लागल्या. गल्ली आधीच गप्प होती, ती आणखी गप्प झाली.

तेवढ्यात इन्व्हर्टर ओरडला. येणारी वीज गाडीला पुरत नव्हती. दोनतीनदा बारीक किंचाळून त्यानं गाडी सोडून दिली. हिरवा दिवा विझला.

दिग्विजय जाऊन गाडीतला अंदाज बघून आला. तालुक्याच्या अलीकडं ओढा आहे, तिथवर जाईल, पुढचं सांगता येत नाही, म्हणाला. ग्रहण उतरायला लागलं की ऊन परत चढेल. तास-दीड तास थांबलो तर पक्कं पोचू. नाहीतर आत्ता निघायचं आणि मध्येच अडकायचं. तो माझ्याकडं बघत नव्हता. त्याला मी काय म्हणेन ते माहीत होतं, आणि आई काय म्हणेल तेही.

मी बोलणार तोच आत्या उठल्या.

"निघा."

"ओढ्यापाशी बंद पडली तर?" दिग्विजयनं विचारलं.

"ओढ्यापास्नं तालुका दिसतोय. दिसतंय तेवढं माणूस ढकलत न्हेतंय."

त्यांनी माझ्या खांद्यावर शाल टाकली, हात धरला आणि उंबऱ्यापर्यंत आणलं. त्यांनी स्वतःचं पाऊल आधी बाहेर टाकलं.

अंगणातल्या कडुनिंबाखाली गाडी उभी होती. मी खाली बघितलं आणि थांबले. एरवी त्या झाडाखाली उन्हाचे गोल गोल कवडसे पडलेले असायचे. त्या दिवशी त्यातला एकही गोल नव्हता. सगळ्या जमिनीवर चंद्रकोरी पसरल्या होत्या. शेकडो. पानं हलली की त्या सगळ्या एकदम हलत होत्या. गाडीच्या टपावर, पडलेल्या वाकळांवर, दिग्विजयच्या शर्टावर, माझ्या शालीवर, माझ्या पोटावर. प्रत्येक फटीतून तो ग्रासलेला सूर्य खाली उतरून आमच्या अंगावर बसला होता.

आत्यांनी चटकन पदर पसरून माझ्या पोटावर धरला. कोरी आता पदरावर पडल्या. आत्या त्या पदराकडं बघत राहिल्या. त्यांच्या हातांवर, मनगटांवर, सगळीकडं तेच. ज्याला त्या आयुष्यभर घाबरल्या ते असं दिसतं, हे त्यांनाही ठाऊक नसावं. त्यांनी पदर मागं घेतला नाही, पण ओढून घट्टही धरला नाही.

"चल," म्हणाल्या, "बस आत."

दिग्विजय हळू चालवत होता. पंखा बंद, रेडिओ बंद. गाडीला तसाही आवाज नव्हता. दोन्ही बाजूंना माळ, मधूनमधून ज्वारीचं रान, लांबवर पवनचक्क्या. सगळ्यावर तो पातळ उजेड. रस्त्यावर आमच्याशिवाय कुणी नव्हतं. मी डोळे मिटून पोटाकडं कान लावला होता आणि आत्या माझ्या शेजारी सरळ बसल्या होत्या. खिडकीबाहेर बघत नव्हत्या, पण डोळेही मिटले नव्हते.

बऱ्याच वेळानं त्यांनी विचारलं, "दिगू, गाडीत आत्ता जे भरलंय, ते मगाचंच न्हवं? वाकळा काढल्यावरचं?"

"हो."

"म्हंजे गिराणातलं."

त्याला वाटलं असणार, आता ही खाली उतरवायला सांगते. "हो आई. ग्रहणातलंच."

"त्याच्यावर आपुन तिघं चाललोय."

"हो."

आत्या स्वतःशीच म्हटल्यासारखं म्हणाल्या, "तेवढं उरलंय की मग त्यात."

ओढा ओलांडला आणि चढावर गाडीचा वेग पडत पडत गेला. पुढं तालुक्याची पाण्याची टाकी दिसत होती. गाडी थांबली. दिग्विजय उतरला, एक हात खिडकीतून स्टिअरिंगवर ठेवून रेटायला लागला, पण चढ होता, एकट्याला जमेना. आत्यांनी दार उघडलं. मी त्यांचा हात धरायला गेले, त्यांनी सोडवून घेतला. मागच्या काचेतून मला त्या दिसत होत्या. पदर कमरेला खोचलेला, दोन्ही हात गाडीवर, मान खाली. त्यांच्या डोक्यावर झाड नव्हतं, छप्पर नव्हतं. वर उघडं आभाळ आणि त्यात तो कोरीएवढा सूर्य. ती बाई गाडी ढकलत होती.

चढ संपला. दोघं परत आत बसले आणि उतारानं गाडी आपोआप घरंगळत वेशीपर्यंत गेली. तिथं एक रिक्षावाला भेटला. त्यानं ग्रहणाचं नाव काढलं नाही, माझ्याकडं बघितलं आणि रिक्षा चालू केली.

दवाखान्यातल्या डॉक्टर माझ्याच वयाच्या असतील. त्यांनी पोटावर ते छोटं यंत्र टेकवलं. नुसती खरखर. यंत्र सरकवलं. खरखर. आत्या पायथ्याशी उभ्या होत्या. यंत्र आणखी खाली सरकलं आणि खरखरीच्या तळातून आवाज आला. लांबून घोडा येतो तसा. दमलेला, मध्येच अडखळणारा, पण येणारा.

"हे बाळाचं?" आत्यांनी विचारलं.

"हो आजी. पण थकलंय." मग दिग्विजयकडं वळून त्या म्हणाल्या की पाणी कमी झालंय, इथं थांबायला नको, मी गाडी देते, मिरजेला फोन करते. आणि मला म्हणाल्या, "ग्रहण सुटायची वाट नाही बघितलीत, बरं केलंत." पुढं काही म्हणाल्या नाहीत. त्यांनी न म्हटलेलं ते वाक्य मला अजूनही कधीकधी ऐकू येतं. मुलगी आता शाळेत जाते, जिन्यावरून उड्या मारत उतरते, आणि मी मागून तिच्या पावलांचा आवाज ऐकत राहते.

आम्ही मिरजेच्या वाटेला लागलो तेव्हा कुठंतरी 'दे दान, सुटे गिराण' असा पुकारा चालला होता. दुपारी ती झाली. लहानशी, लालभडक, रागावलेली. पहिले काही दिवस काचेच्या पेटीत राहिली. मग माझ्याकडं आली. थोडी कावीळ होती. सिस्टर म्हणाल्या, घाबरू नका, औषध चालू आहे, आणि सकाळी जरा कोवळ्या उन्हात धरत जा.

त्या सकाळी मी टाक्यांवर हात ठेवून हळूहळू गॅलरीच्या दारापर्यंत गेले. आत्या तिथं भिंतीला टेकून पाय पसरून बसल्या होत्या. मांडीवर बाळ. त्यांनी दुपट्याचे पदर एकेक करून बाजूला केले, टोपडं काढलं, इवल्याशा मुठी उलगडून उन्हात धरल्या. मग एक बोट बाळाच्या वरच्या ओठावरून फिरवलं, या कडेपासून त्या कडेपर्यंत, आणि परत फिरवलं.

मी आल्याचं त्यांना कळलं होतं. मागं न वळता बोलल्या.

"हिची आत्या लई देखणी हुती गं. ओठ सोडला तर दिगूच. असंच नाक, असंच कपाळ. लोकांनी बघू नये म्हणून आतल्या खोलीत ठिवली हुती. मीबी झाकूनच पाजायची. कापसानं दूध पिळायची, ते नाकातनं भायेर यायचं. बारसंबी झालं न्हाई."

खाली रस्त्यावर दूधवाल्याची सायकल खडखडत गेली.

"तिला ऊन दावलंच न्हाई मी," आत्या म्हणाल्या.

मी तशीच पुढं जाऊन त्यांच्याशेजारी टेकायला लागले. त्यांनी डोळे पुसले, मग माझ्याकडं बघून हातानं बाजूला हो अशी खूण केली.

"जरा सर," त्या म्हणाल्या. "सावली पडतीया तुझी हिच्यावर."